दुकान ठेव तू

त्या दुपारी दुकानात एक पोरगी आली. मी तिला गादीवर बसायला सांगितलं आणि म्हणालो, "या ताई, काय दाखवू? ड्रेसचे पीस नवे आलेत." दुपारी गिऱ्हाईक नसतं, त्यामुळं मी जरा जास्तच उत्साहात होतो. तिनं काही बोलायच्या आत मी तीन पीस उलगडून तिच्यासमोर टाकले. रंग जाणार नाही, कापड आटणार नाही, दुसऱ्या दुकानात हा माल दिसला तर परत आणून द्या, असं सगळं बोलून झालं. पोरगी कापडाकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. मग म्हणाली, "काका, मी हाय."

तरी मला उमगलं नाही. गावात मला काका म्हणणारी शंभर पोरं आहेत. माझा पोरगा शिडीवर चढून वरच्या फळीवर तागे लावत होता, तो तिथूनच म्हणाला, "बाबा, केजची हाय ती. आपली."

म्हणजे माझ्या पोटची पोर माझ्यासमोर उभी होती आणि मी तिला कापड विकत होतो. हे सांगायला लाज वाटते. पण सगळं सांगायचं ठरवलंच आहे, तर सुरुवात इथूनच केलेली बरी.

पाटोद्याच्या बस स्टँडसमोर आमचं कापडाचं दुकान आहे. वडिलांनी, म्हणजे दादांनी, सुरू केलेलं. दुकानाच्या मागं घर. थोरला भाऊ, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, आणि मी असे दोघं दुकान बघायचो. अण्णांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी वैनींची कूस उजवली नव्हती. मला मात्र आधी पोरगा झाला आणि दोन वर्षांनी पोरगी. पोरगी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दादांनी मला दुकानात बोलावलं. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात मीटरची पट्टी, नजर रस्त्यावर. म्हणाले, "ही थोरलीच्या ओटीत घाल." मी मान हलवली. दादांसमोर मान हलवायची एवढंच आम्हाला येत होतं.

बाराव्या दिवशी बारसं झालं आणि पाळण्यातून पोर उचलून वैनींच्या ओटीत घातली. कागद केला नाही. घरातल्या घरात कशाचा कागद, एका चुलीवर जेवणारी माणसं आपण, असं दादा म्हणाले. शाळेत नाव घालताना बापाच्या जागी अण्णांचं नाव लागलं आणि विषय संपला. त्या बारा दिवसांत बायको आतल्या खोलीत बाळंतिणीच्या बाजेवर होती. तिला हे मी सांगितलं, पण विचारलं नाही. सांगणं आणि विचारणं यात फरक असतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं असतं तरी मी विचारलं असतं असं नाही. पुढं आठ महिने वैनी पोरीला पाजायला तिच्याकडं आणून द्यायच्या आणि पोट भरलं की उचलून न्यायच्या.

आमच्या घराची एक रीत होती. वडीलधाऱ्यांच्या देखत बापानं स्वतःचं लेकरू उचलायचं नाही. मर्यादा म्हणत तिला. भावाचं लेकरू खुशाल खांद्यावर घेऊन गावभर हिंडा, त्याला कुणाची हरकत नाही; स्वतःचं घेतलं की माणूस बेशरम. माझा पोरगा रांगत रांगत मांडीपाशी आला की मी दादांकडं बघायचो आणि त्याला हातानं बाजूला सारायचो. पोरगी अण्णांची झाली आणि मला मोकळं रान मिळालं. मी तिला कडेवर घेऊन स्टँडवर एस्ट्या दाखवायला न्यायचो. गल्ल्याच्या टेबलावर बसवायचो. ती पाच वर्षांची झाली तेव्हा मीटरच्या पट्टीनं कापड मोजायची, एक बोट जास्त सोडून, अगदी माझ्यासारखं. दादा बघून हसायचे. काकाचा लई जीव हाय पोरीवर, म्हणायचे. पोरगा पायरीवर बसून हे सगळं बघायचा. आता तो तेवीस वर्षांचा आहे. परवा सहज म्हणाला, "तिला दिलं म्हणून तिला उचललं तुमी. मला बी द्यायचं होतं कुणाला तरी." हसत म्हणाला तो. मला हसता आलं नाही.

बायकोला तर तेवढीही मुभा नव्हती. आईनं जवळ घेतलं की पोर तिकडं रुळणार नाही, असं सगळ्यांचं एकमत होतं आणि त्यात मीही होतो. अंगणात पोरगी पडून गुडघा फुटला तर ही स्वयंपाकघरातून वैनींना हाक मारायची, "आक्का, बगा बरं, पोरगी पडली." स्वतः उठायची नाही. हातातली भाकरी तव्यावर करपायची, पण उठायची नाही.

दादा गेले आणि वर्षाच्या आत आम्ही दोघं भाऊ एकमेकांच्या चुका काढायला लागलो. कोण किती वाजता दुकान उघडतो, कुणाच्या सासरच्यांना उधारीवर कापड जातं, असलं काहीबाही. शेवटी वाटण्या करायचं ठरलं. मामा आणि दोन पाहुणे मध्यस्थीला बसले. स्टँडसमोरचं दुकान एक, आणि केजला दादांनी कधीकाळी घेऊन ठेवलेला एक लहान गाळा. अण्णा म्हणाले, वीस वर्षं मी या गादीवर बसलोय, दुकान माझ्याकडं राहील, तू केजला जा. मामांनी मान हलवली. पाहुण्यांनीही हलवली.

मला राग लवकर येतो. पण त्या दिवशी मी रागात बोललो असं कुणी म्हणालं, तर ते खरं नाही. मी विचार करून बोललो. अण्णांचा जीव कशात अडकलाय ते मला पक्कं माहीत होतं. मी म्हणालो, "ठीक हाय. दुकान तुमचं. मग माझी पोर मला परत द्या."

पोरगी तेव्हा नऊ वर्षांची होती. पाहुण्यांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन ती उंबऱ्यात उभी होती. मला ती दिसली होती. बोलायच्या आधी दिसली होती की बोलल्यावर, हे मी बारा वर्षं स्वतःला विचारतोय आणि प्रत्येक वेळी मला सोयीचं असेल ते उत्तर देतोय.

वैनी आतून धावत आल्या आणि पोरीला ओढून घेऊन गेल्या, तांब्या तिथंच राहिला. मग अण्णा उठले, धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाले, "दुकान ठेव तू." आठ दिवसांत त्यांनी बिऱ्हाड केजला हलवलं.

मी आत गेलो तेव्हा बायकोनं पेटीतून नवी गोधडी काढून उन्हात टाकली होती. तिनं दाराआडून माझं बोलणं ऐकलं होतं आणि तिला ते खरं वाटलं होतं. रात्री पोरगी इकडं झोपायला येणार म्हणून गोधडीचा डांबरगोळ्यांचा वास घालवत होती ती. मी म्हणालो, "दुकान मिळालं." तिनं माझ्याकडं पाहिलं, गोधडी काढली, घडी घातली आणि परत पेटीत ठेवली. त्यावर ती आजपर्यंत एक अक्षर बोललेली नाही. भांडली असती तर मला चार उलट शब्द बोलता आले असते, माझं थोडं तरी हलकं झालं असतं.

त्यानंतर बारा वर्षं दोन्ही घरांचा अबोला. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर अण्णा मांडवाच्या दुसऱ्या दारानं निघून जायचे. पोरीला ते बरोबर आणायचेच नाहीत. इकडं माझं दुकान झकास चाललं. लगीनसराईत बस्ते बांधायला गावोगावचे लोक यायचे, नवरीच्या बापांना मी चहा पाजायचो आणि पोरीच्या शालूसाठी त्यांनी हात आखडता घेऊ नये म्हणून चार गोड शब्द बोलायचो. पोरींच्या बापांशी कसं बोलावं ते मला छान जमतं.

तर, ती पोरगी त्या दुपारी दुकानात उभी होती. एकवीस वर्षांची. पोरानं शिडीवरून उडी मारली आणि आईला बोलवायला मागं पळाला. बायको आली ती पिठाच्या हातानंच. दारात थबकली. पोरगी पुढं होऊन पाया पडली तेव्हा हिनं पीठ लागेल म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, नुसतं मनगट टेकवलं. मग म्हणाली, "जेवलीस का गं?"

धपाटे होते आणि दही. पोरीनं चार खाल्ले. बायको समोर बसून ताटात वाढत होती आणि पोरीच्या कानाकडं, बोटांकडं, पायावरच्या चपलेच्या खुणेकडं बघत होती. काही विचारत नव्हती. सगळं मीच विचारत होतो. बारावीनंतर तिनं नर्सिंग केलं होतं, केजहून अंबाजोगाईला रोज एसटीनं जाऊन-येऊन. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात तिला नोकरी लागली होती. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं.

"मग अडलंय कुठं?" मी म्हणालो. "राहायची सोय करायची का? मी येतो बरोबर. खोली बघू, भांडीकुंडी घेऊ."

"सोय हाय काका. दवाखान्याचंच हॉस्टेल हाय." तिनं ताटाला हात लावून नमस्कार केला. "अप्पा जाऊ देत न्हाईत."

अण्णांना ती अप्पा म्हणते. मी विचारलं, "कावून?"

"न्हाई म्हणत न्हाईत. काईच म्हणत न्हाईत. विषय काढला की उठून बाहेर जातात." मग म्हणाली, "पुण्याची गाडी पाटोद्यावरून जाती. त्यांना वाटतं मी मधीच हितं उतरीन. अन् मग माघारी यायची न्हाई."

बायकोच्या हातातलं दह्याचं भांडं तसंच राहिलं.

मग पोरीनं सगळं सांगितलं. रडत नाही, रागानं नाही, आजाऱ्याची माहिती सांगावी तसं. केजला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात वैनींनी तिला जवळ बसवून खरं काय ते सांगितलं होतं. "आई म्हणली, दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडनं ऐक. आईला भीती न्हाई. मारायची बी मला, चुकलं की. अप्पा मातर..." शाळा सुटायच्या आधी अण्णा फाटकापाशी येऊन उभे राहायचे, अगदी बारावीपर्यंत. शाळेची सहल पाटोद्याच्या रस्त्यानं जाणार म्हणून त्यांनी तिला पाठवलं नव्हतं. "अन् काका, अप्पा मला कदी रागावलेच न्हाईत. एकदा बी न्हाई. मी एकदा मुद्दाम त्यांचा चष्मा फोडला. तरी म्हणले, असू दे, असू दे. मैत्रिणींचे बाप लई वरडायचे त्यांच्यावर. मला हेवा वाटायचा."

रागावलं तर पोर म्हणेल, मी माझ्या खऱ्या घरी जाते. या भीतीनं माझा थोरला भाऊ बारा वर्षं पोरीसमोर दबून वागला होता. ज्या माणसाच्या एका खाकरण्यानं दुकानातले गडी ताठ व्हायचे, तो.

मी म्हणालो, आणि हे म्हणताना मला वाटलं मी किती मोठ्या मनाचा, "बाई, तुला कदी वाटलं तर हे घर तुझंच हाय. आमी..."

"काका, हेच," ती म्हणाली. "हेचीच त्यांना भीती हाय. मला तुमच्याकडनं दुसरं काई नको. एकदा केजला या. अप्पांच्या समोर बसा अन् सांगा, पोरीवर आमचा हक्क न्हाई. माझ्या देखत सांगा. मग ते मला सोडतील."

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. पोर इतक्या वर्षांनी दारात आली आणि मी मनातल्या मनात काय काय रचलं होतं. रविवारी पुण्याला डबा घेऊन जाणारे आम्ही दोघं, तिच्या लग्नाचा बस्ता आमच्याच दुकानात. आणि ती आली होती ते मी तिला नाकारावं म्हणून. पण तिला मोठं होऊ द्यायला मी करण्यासारखं एवढंच होतं. जेवढं होतं तेवढंही मीच अडवून ठेवलेलं. अंबाजोगाईला सर्टिफिकिटं आणायला जाते असं घरी सांगून ती आली होती, म्हणून लगेच निघाली. तिला गाडीत बसवून येईपर्यंत बायकोनं तिचं ताट उचललं नव्हतं.

रविवारी आम्ही दोघं केजला गेलो. पोराला दुकानात बसवलं. बायकोनं वैनींसाठी खण आणि नारळ घेतला. एसटीत दोन तास ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी मनात भाषण जुळवत होतो. मांजरसुंब्याच्या घाटात मला ते फार चांगलं जमलंय असं वाटायला लागलं.

अण्णांचं घर गाळ्याच्या वरच आहे. जिना चढून दार वाजवलं. अण्णांनी दार उघडलं. फार वाळले होते. मला बघितलं, माझ्या मागं बायकोला बघितलं, आणि दाराच्या चौकटीवर आडवा हात ठेवून म्हणाले, "पोरगी घरात न्हाई."

आत पोरीचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. ती वैनींशी काहीतरी बोलत होती. तरी अण्णांनी चौकटीवरचा हात काढला नाही. जुळवून आणलेलं भाषण तिथल्या तिथं विसरलो मी. शेवटी वैनी बाहेर आल्या, त्यांनीच अण्णांचा हात धरून खाली घेतला आणि म्हणाल्या, "या, आत या. उन्हाचं आलाव."

चहा झाला. पोरगी भिंतीला टेकून उभी होती. मग मी बोललो, दुकानदारासारखंच बोललो. म्हणालो, "अण्णा, पोरीवर आमचा काई हक्क न्हाई. कदीच सांगणार न्हाई. पायजे तर उद्या तहसीलला जाऊ, स्टॅम्पवर लिहून देतो."

"मला कागद नको," पोरगी म्हणाली. "मी एकवीस वर्षांची हाय."

अण्णा जमिनीकडं बघत होते. म्हणाले, "शबूद दादांच्या समोर बी दिलता तू. मग त्या दिवशी कावून मागितलीस?"

मला वाटलं होतं हा प्रश्न येणार नाही. आला तर म्हणीन, रागात बोललो, चुकलं. घाटात मी तसंच बसवलं होतं. पण रागात मागितली असं म्हटलं की त्याचा अर्थ, मनात कुठंतरी पोर पाहिजे होती. तो अर्थ शिल्लक राहिला तर अण्णा कायमच घाबरत राहतील. आणि पोरगी जाणार नाही. तिनं मला बोलावलं होतं ते याचसाठी, आणि ती सरळ माझ्या तोंडाकडं बघत होती.

"दुकान पायजे होतं म्हणून," मी म्हणालो. "पोर नको होती मला. तुमी पोर देणार न्हाई, दुकान द्याल, हे मला ठावूक होतं. म्हणून मागितली."

ते खरं होतं. मी कडेवर घेऊन हिंडलो तेही खरं होतं, पण ते सांगायची ती जागा नव्हती. पोरीनं मान खाली घातली. तिनंच मागितलं होतं हे, तरी ऐकायला सोपं गेलं नसणार. चहाचा रिकामा कप मी उगाच दोन्ही हातांत धरून बसलो होतो.

आता संपलं, असं मला वाटलं. पण अण्णांनी मान वर केली आणि माझ्या बायकोकडं बघितलं. आमच्याकडं थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. काही सांगायचं तर वैनींच्या मार्फत, नाहीतर भिंतीकडं बघून. पंचवीस वर्षांत अण्णा तिच्याशी एक शब्द बोललेले मला आठवत नाहीत. ते म्हणाले, "अन् तुमचं काय म्हणणं हाय?"

बायकोनं डोक्यावरचा पदर सावरला. मला भीती वाटली, आणि कशाची वाटली ते सांगतो. ती आता काय म्हणेल, हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांचा संसार आणि मला अंदाज नव्हता.

"मला पायजे होती," ती म्हणाली. "बारशाच्या दिवशी बी पायजे होती अन् वाटणीच्या दिवशी बी. मला कुणी इचारलं न्हाई. तुमी आज इचारलं." मग तिनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं. "आता न्हाई नेत, अण्णा. आक्कानं वाढवली, तुमी वाढवली. तुमचीच हाय. तिला जाऊ द्या. ती न्हाई उतरायची पाटोद्यात. मी उतरू देणार न्हाई."

वैनी रडायला लागल्या. त्यांनी बायकोचा हात घट्ट धरून ठेवला. दोघी जावा जवळजवळ बसून होत्या आणि आम्हा दोघा भावांकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

अण्णा उठून खिडकीपाशी गेले. तिथंच उभे राहून त्यांनी विचारलं, "यांना कळलं कसं पुण्याचं?" पोरगी म्हणाली, मी सांगितलं, मी गेलते. आणि अण्णा गर्रकन वळून असे ओरडले की खालच्या गाळ्यातला माणूस जिन्यात येऊन बघायला लागला. "कुणाला इचारून गेलतीस? सर्टिफिकिटं आणायला जाते म्हणून खोटं बोललीस? बापाला येडं समजलीस व्हय?" ते ओरडत होते आणि पोरगी तोंडावर ओढणी दाबून रडत होती, मध्येच हसतही होती. ओरडून झाल्यावर अण्णा दमून खाली बसले आणि म्हणाले, "बुधवारची गाडी बघ. मी येतो सोडायला."

निघताना पोरगी पाया पडली. आधी बायकोच्या, मग माझ्या. मी म्हणालो, सुखी राहा. काका म्हणून जेवढं म्हणायचं तेवढंच म्हणालो. बायको जिन्यात थांबून तिला म्हणाली, "पोचलीस की आईला फोन कर. त्या मला सांगतील."

बुधवारी पुण्याची गाडी स्टँडवर लागली तेव्हा मी गल्ल्यावर होतो. अण्णा खिडकीला बसले होते, ती पलीकडं. दोघांपैकी कुणी उतरलं नाही. अण्णांनी मात्र दुकानाकडं एकदा बघितलं, पाटीपासून पायरीपर्यंत, जुन्या ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं. मी हात जोडले. त्यांना दिसले की नाही, कळलं नाही. गाडी गेली.

दिवे लागायच्या वेळेला घरातून फोनचा आवाज आला. मी गल्ला तसाच टाकून मागं गेलो. बायको ओट्यावर बसून बोलत होती. "हो का... जेवली का... खोलीत किती पोरी हायेत?" असं चाललं होतं. पलीकडं वैनी होत्या. बायको हसत होती, मोठ्यानं हसत होती. माझ्या घरात ती अशी कधी हसली होती ते मला आठवेना. मी दाराशी उभा राहिलो. फोन ठेवल्यावर म्हणालो, "पोचली का?"

"पोचली."

"काय म्हणली?"

"आक्काला म्हणली, काकूला लगेच सांग, वाट बघत असती."

विचारायला नको होतं, तरी विचारलं, "अन् मला?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मग माझ्या खांद्यावरून पलीकडं, दुकानाकडं बघितलं.

"जावा," ती म्हणाली, "गिऱ्हाईक आलंय."

टोमणा नव्हता तो. खरंच एक माणूस पायरीशी उभा होता. मी दुकानात गेलो.